देणारा तो, मोजणारे आपण

पुनरुत्थानाचा सण झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी प्रश्न असतात ते लग्नाचे, मंडळीतल्या भांडणांचे आणि दशमांश हातात येणाऱ्या पगारावर धरायचा की कापाकापीच्या आधीच्या, याचे. ईस्टरला मात्र आमच्या भागात पहाटेची उपासना दफनभूमीत होते. लोक आदल्या दिवशी जाऊन आपापल्या माणसांच्या कबरींवरचे गवत उपटतात, चुना लावतात, झेंडूची माळ घालतात, आणि घरी येऊन चहा पिताना एकेकाला काहीतरी खुपायला लागते. या वेळची बहुतेक पत्रे सार्वकालिक जीवनाबद्दल आहेत. सगळी घेता आली नाहीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ते वाचून मला राग आला, आणि राग आला की थोडक्यात लिहिणे मला जमत नाही.

प्रश्न : प्रभूच्या नावात सलाम. माझे माहेर हिंदू. लग्न ठरले तेव्हा मी बाप्तिस्मा घेतला. वडील गेल्यावर आई माझ्याकडेच असायची. दर रविवारी माझ्याबरोबर उपासनेला यायची, मागच्या बाकावर बसायची, गाणी तिची तोंडपाठ झाली होती. बाप्तिस्म्याचा विषय निघाला की म्हणायची, "पोरांना काय वाटेल? बघू दिवाळीनंतर." कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत रात्री एवढेच म्हणायची, "येशूबाबा, मला तुझ्याजवळ घे." ती गेल्यावर भाऊ तिला गावी घेऊन गेले, अग्नी दिला, दहावे केले. मी दहाव्याला गेले आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळ्यांबरोबर घाटावर उभी राहिले. परत आल्यावर आमच्या पाळकीय कमिटीतले एक ज्येष्ठ सभासद घरी आले आणि म्हणाले, "बाप्तिस्मा नाही म्हणजे सार्वकालिक जीवन नाही. शिवाय देह जाळला. आता काही करता येणार नाही." तेव्हापासून मला झोप नाही. पाळकसाहेब, माझी आई कुठे आहे? (एक भगिनी, श्रीरामपूर तालुका)

उत्तर : ताई, आधी त्या गृहस्थांचे बघू. सांत्वनाला येऊन निकाल सुनावून जाणारी माणसे ईयोबाच्या काळापासून आहेत. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर सगळे ठीक चालले होते. तोंड उघडले आणि बिघडले.

पण त्यांचा मुद्दा हवेतला नाही, म्हणून तो बाजूला सारून चालणार नाही. ते तुम्हाला योहानाच्या तिसऱ्या अध्यायातले वचन दाखवतील: पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे येशू निकदेमाला म्हणाला. मार्काच्या शेवटी, जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल, असेही आहे. मात्र त्याच वाक्याचा पुढचा अर्धा भाग लोक घाईत वाचतात. शिक्षा कोणाला, तर विश्वास न धरणाऱ्याला. तिथे बाप्तिस्म्याचे नाव नाही. मी आयुष्यभर बाप्तिस्मे दिले आहेत, आणि बाप्तिस्मा झाला काय न झाला काय, असे मी कोणालाही म्हणणार नाही. येशूने आज्ञा केली आहे; पुढे ढकलत राहू नये. पण आज्ञा आपल्याला दिलेली आहे. देणाऱ्याचे हात तिने बांधले गेलेले नाहीत.

हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. सन 392 मध्ये रोमी सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन गॉल देशातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, व्हिएन गावी मेला. वय जेमतेम एकवीस. त्याने मिलानचा बिशप अँब्रोज याला निरोप पाठवला होता की येऊन मला बाप्तिस्मा द्या. अँब्रोज पोहोचण्याआधीच तो गेला. देह मिलानला आणला, आणि त्याच्या बहिणींचे रडणे तुमच्यासारखेच होते: भाऊ बाप्तिस्म्यावाचून गेला. अंत्यविधीच्या भाषणात अँब्रोज त्या बहिणींना म्हणाला की त्याने इच्छा धरली, त्याने मागितले, आणि मागितले म्हणूनच त्याला मिळाले. हा अँब्रोज काही ढिला माणूस नव्हता. दुसऱ्या एका सम्राटालाही त्याने पश्चात्तापाला उभे केले होते. आणि गंमत अशी की 374 साली मिलानच्या लोकांनी त्याला बिशप म्हणून निवडले, तेव्हा त्याचा स्वतःचाच बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो नंतर घाईने उरकावा लागला. तुमच्या कमिटीतल्या सभासदांना हे जरूर सांगा.

आता येशूच्या शेजारच्या वधस्तंभावर खिळलेला गुन्हेगार. त्याला पाणी मिळाले नाही, प्रभुभोजन मिळाले नाही, कोणाची चोरी केली असेल तर ती परत करायलाही वेळ मिळाला नाही. तो एवढेच म्हणाला की आपण आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण करा. उत्तर आले, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." त्याचे वाक्य आणि तुमच्या आईचे वाक्य एकाखाली एक लिहून काढा आणि बघा. मला तरी त्यांत फरक दिसत नाही. तुमच्या आईने तर "आठवण करा" म्हणूनही भागवले नाही, सरळ जवळच घ्यायला सांगितले.

देह जाळल्याचे म्हणाल तर ते मनातून काढून टाका. सन 177 मध्ये गॉलमधल्याच ल्योन शहरात ख्रिस्ती लोकांना मारले, त्यांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळून राख ऱ्होन नदीत सोडली. हेतू हाच होता: आता उठून दाखवा म्हणावे. वाचलेल्यांनी हे सगळे आशियातल्या मंडळ्यांना पत्राने कळवले आणि युसेबियसने ते पत्र आपल्या इतिहासात उतरवून ठेवले. त्या हुतात्म्यांचे पुनरुत्थान राखेमुळे अडेल, असे त्या पत्रातही कोणी म्हणत नाही आणि पुढे मंडळीनेही कधी म्हटले नाही. रोमन कॅथलिक मंडळीनेसुद्धा 1963 मध्ये दहनावरची बंदी उठवली. मातीत पुरलेला देह तरी किती वर्षे टिकतो? आमच्या जुन्या दफनभूमीत एकेका जागेवर आज्याच्या वर नातू पुरलेला आहे.

दहाव्याचे तुम्ही भीतभीत लिहिले आहे. कावळ्याकडून आईची खबर मिळते असे मी मानत नाही, आणि तुम्हीही मानत नसाल. पण भाऊ उन्हात उभे असताना बहीण त्यांच्याजवळ उभी राहिली, यात मला पाप दिसत नाही. तुम्ही गेला नसता, तर भावांना येशूबद्दल काय कळले असते, याचाही विचार करा. खुद्द प्रभूचा देह निकदेम आणि अरिमथाईकर योसेफाने यहूदी लोकांच्या रीतीप्रमाणेच सुगंधी मसाले लावून तागाच्या वस्त्रात गुंडाळला.

आई कुठे आहे, हे तुम्ही मला विचारता. मी तिचा न्यायाधीश नाही, आणि कमिटीही नाही. तिने ज्याला हाक मारली त्याचे वचन मात्र माझ्यापाशी आहे: "जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही." योहान सहावा अध्याय, सदतिसावे वचन. रात्री झोप येईना तर दिवा लावून तेच वाचा. तिच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास घरी उपकारस्मरणाची प्रार्थना ठेवा, भावांना जेवायला बोलवा, आणि तिला आवडणारी गाणी म्हणा. पाळक यायला का कू करायला लागले तर मला कळवा. एसटीने येईन.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. शेजारी तुमचा अंक येतो, तो मी वाचतो. आमच्याकडे जन्ममरणाचा फेरा सुटावा ही इच्छा; तुमच्याकडे उलट कायमचे जगायची. अनंतकाळ जगून माणसाने करायचे काय? कंटाळा नाही का येणार? तुकोबांनी तर मुक्तीही नको म्हटले आणि संतसंग मागून घेतला. येशू देतो ते जीवन म्हणजे दुसऱ्या नावाने मोक्षच आहे का? (निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा)

उत्तर : गुरुजी, नमस्कार. माझे बालपण नेवाशाच्या बाजूला गेले. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली, तो खांब शाळेच्या सहलीत दरवर्षी दाखवायचे. संध्याकाळी गावातून हरिपाठ ऐकू यायचा आणि आमच्या ख्रिस्ती वस्तीत आजी त्याच वेळी कंदिलाच्या काचा पुसत उपासना संगीतातले अभंग म्हणायची. टाळ दोन्हीकडे तेच. त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका नाही. नारायण वामन टिळकांचे तुकोबांच्या पुलाचे वाक्य अशा वेळी सगळेच वापरतात, म्हणून मी ते इथे देत नाही.

दोन्ही एकच, असे म्हणून मी तुमचे मन राखू शकलो असतो. पण तसे नाही. आम्ही एक जन्म मानतो, एक मरण आणि त्यानंतर न्याय. फेऱ्यातून सुटका हा येशूच्या बोलण्याचा विषयच नाही, कारण त्याच्या ऐकणाऱ्यांना फेरा माहीत नव्हता. त्यांच्यात वाद होता तो वेगळाच. यहूदी लोकांतले सदूकी पंथाचे म्हणत, मेलेले उठत नाहीत. परूशी पंथाचे म्हणत, शेवटल्या दिवशी उठतील.

आता बेथानीत चला. गाव यरुशलेमेपासून कोसभरावर. लाजर मरून चार दिवस झाले आहेत, घरात सांत्वनाला आलेल्यांची गर्दी आहे. येशू उशिरा येतो. त्याची वाट पाहून कंटाळलेली मार्था गावाबाहेरच त्याला गाठते आणि तोंडावर म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. (कुठल्या आमदाराला आपण असे म्हणणार नाही, पण घरच्या माणसाला म्हणतो.) येशू म्हणतो, तुझा भाऊ उठेल. मार्था शाळेत शिकलेले उत्तर देते: शेवटल्या दिवशी उठेल, हे मला ठाऊक आहे. तिचे उत्तर बरोबर होते. परूशी पंडिताने तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण येशू तिला त्या शेवटल्या दिवसावरून उचलून आपल्या समोर आणतो: "पुनरुत्थान व जीवन मीच आहे, जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मेला असला तरी जगेल." मार्था एका तारखेबद्दल बोलत होती. तो स्वतःबद्दल बोलला.

मग लाजर बाहेर आला, हातपाय बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. पण गुरुजी, लाजर पुढे पुन्हा मेला. पुढच्याच अध्यायात मुख्य याजक त्याला मारायचा बेत करतात. म्हणजे आयुष्य लांबवून मिळणे हे सार्वकालिक जीवन नव्हे. ते तर लाजराला मिळाले होते आणि संपले. मग ते काय, हे येशूनेच वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रार्थनेत सांगितले आहे, योहान सतराव्या अध्यायात: एकच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणे, हेच सार्वकालिक जीवन. कोणाला तरी ओळखणे, आणि तेही आजपासून. पाचव्या अध्यायात तर तो म्हणतो की विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेला आहे. गेला आहे, जाईल असे नाही.

इथे तुकोबा आमच्या फार जवळ येतात. त्यांना मुक्तीपेक्षा देवाचा विसर न पडणे महत्त्वाचे वाटले, त्यासाठी ते पुन्हा गर्भवास सोसायला तयार झाले. मुक्ती हे बक्षीस समजून मागणाऱ्यापेक्षा असा मागणारा येशूचे बोलणे लवकर समजेल, असे मला नेहमी वाटते. पण तुमची आमची वाट जिथे वेगळी होते ते लपवणार नाही. आम्ही म्हणतो की हे जीवन देणारा स्वतः मेला, पंतय पिलाताच्या अमदानीत, एका ठरावीक गावाच्या वेशीबाहेर, आणि तिसऱ्या दिवशी देहासह उठला. हे जर घडले नसेल तर आमच्या बोलण्यात काही उरत नाही. पौलानेच करिंथकरांना तसे लिहून ठेवले आहे, पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ.

कंटाळ्याचे राहिले. चौथ्या शतकात कप्पदुकियात निसा गावचा ग्रेगरी नावाचा बिशप होता. त्याचे म्हणणे असे की देवाला अंत नाही, म्हणून त्याच्याकडे जाण्यालाही अंत नाही; जेवढे मिळेल तेवढी ओढ वाढते, आणि ही चाल कधी थांबत नाही. ढगावर बसून वीणा वाजवण्याची चित्रे कोणी काढली कोण जाणे. तसले काही असते तर मलाही कंटाळा आला असता, मला वाजवताही येत नाही.

प्रश्न : सर, विश्वासानेच सार्वकालिक जीवन मिळते आणि ते फुकट आहे, असे संदेशात दर रविवारी ऐकतो. मग चांगले वागायची गरज काय? हा प्रश्न यूथ ग्रुपमध्ये विचारला तर सगळे हसले. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : हसणाऱ्यांनी रोमकरांस पत्र वाचलेले नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, हा प्रश्न पौल सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच घेतो. म्हणजे त्यालाही कोणीतरी हेच विचारले असणार, आणि तू चांगल्या संगतीत आहेस.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कोणी किती घातले ते लिहून ठेवायचे, आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की वही उघडून तेवढेच, फार तर एकशे एक जास्त, परत करायचे. देवाच्या देण्याला आपण ही वही लावतो, तिथेच सगळे बिघडते. एकाला वाटते आपण चांगले वागून फेड करतो आहोत. दुसऱ्याला वाटते फेडायचे नाही, मग बरेच झाले. दोघांच्याही डोक्यात वही तीच.

जक्कयाचे बघ. येशू त्याच्या घरी जेवायला गेला तो तो सुधारल्यावर नव्हे, आधीच. आणि त्यानंतर त्या जकातदाराने उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत द्यायचे कबूल केले. त्याला कोणी अट घातली नव्हती. रविवारी साक्ष देताना रडणारा आणि सोमवारी पतसंस्थेतल्या जामीनदाराला तोंड चुकवणारा माणूस मी पाहिला आहे. त्याच्या घरी येशू अजून जेवायला बसायचा आहे, असे मी समजतो. याकोब म्हणतो, कृतीवाचून विश्वास निर्जीव. मार्टिन ल्यूथरला याकोबाचे हे पत्र इतके अडचणीचे वाटले की 1522 च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचे पत्र म्हटले. या भांडणात पुढे शतके गेली. शेवटी 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या पुण्यामुळे नव्हे, केवळ कृपेने, आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्मांना तयार करते. तुझ्या यूथ ग्रुपला एका संध्याकाळी हा जाहीरनामा वाचायला दे. हसू थांबेल, कारण तो बराच लांब आहे.

प्रश्न : मोबाईलवर एक प्रचारक सांगतात की अमुक रक्कम 'बीज' म्हणून पाठवा, तुमच्या घराण्याचे तारण होईल. आमच्या सासूबाईंनी दोनदा पाठवले. काय करावे? (गृहिणी, संभाजीनगर)

उत्तर : प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. शोमरोनातल्या शिमोन जादूगाराने प्रेषितांपुढे पैसे ठेवले. देवाचे दान पैशाने मिळते असे तुला वाटले, तुझ्या पैशाचा तुझ्याबरोबर नाश होवो, असे पेत्र त्याला म्हणाला. सासूबाईंना हे मोठ्याने वाचून दाखवा, आणि मुलाला सांगून त्यांच्या फोनवरचे पैसे पाठवायचे अ‍ॅप काढून टाका. दोन्ही करा. नुसत्या वचनाने भागणार नाही.

प्रश्न : माझे ऑपरेशन ठरले आहे. लहानपणापासून विश्वासात आहे, सार्वकालिक जीवनाची वचने पाठ आहेत, तरी रात्री मरणाची भीती वाटते. माझा विश्वास खोटा आहे का? (वय 61, नाशिक)

उत्तर : खोटा नाही. येशू लाजराला उठवणार होता, हे त्याला माहीत होते. तरी कबरेकडे जाताना तो रडला. गेथशेमाने बागेत तर तो व्याकूळ झाला, आणि जवळच्या तिघांना म्हणाला, इथे राहा आणि जागे राहा. सोबत हवी होती त्यालाही. ते तिघे झोपले.

आमच्या मंडळीत सोनईकडे एक म्हातारे होते, जन्मभर ऊसतोडीच्या टोळ्या सांभाळलेले. शेवटच्या आजारात मी त्यांच्या खाटेजवळ बसून योहानाचा चौदावा अध्याय वाचायला काढला. माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत, तो. दोन ओळी झाल्या नाहीत तोच ते म्हणाले, "साहेब, ते पाठ हाय मला. पुस्तक मिटा. पायावर गोधडी टाका आन बसा थोडं." मी गोधडी ओढली. पाय थंडगार होते, टाचांना भेगा, भेगांत अजून काळी माती. ते झोपले, मध्येच जागे होऊन थोरला आला का विचारायचे, पुन्हा झोपायचे. भीती वाटते का, असे मी विचारले नाही. पहाटे त्यांनीच सांगितले, वाटते, पण तो हाय म्हंल्यावर जायला लागंल.

दुष्ट आत्मा लागलेल्या मुलाचा बाप येशूला म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." दोन्ही एका दमात, आणि येशूने मुलगा बरा केला. त्याने त्या बापाचा विश्वास आधी मोजून घेतला नाही. तुम्ही वचने पाठ म्हणायचा आटापिटा करू नका. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरातले कोणीतरी जवळ झोपायला असू द्या, आणि जमले तर त्याला झोपू देऊ नका. डॉक्टरांना विचारायचे असेल ते कागदावर लिहून न्या, भीतीमुळे ऐन वेळी आठवत नाही.

प्रश्न : पास्टर अंकल, माझी आजी डोळ्यांनी बघू शकत नव्हती. ती येशूकडे गेली. तिकडे तिला दिसतं का? मी गेलो तर ती मला ओळखेल का? तिने मला कधीच बघितलं नाही. आणि तिकडे जेवायला असतं का? (इयत्ता चौथी, अहिल्यानगर)

उत्तर : बाळा, तू एका पत्रात तीन प्रश्न विचारलेस, मोठी माणसे एकच विचारतात आणि पानभर विचारतात.

दिसतं. येशूने आंधळ्यांना इथेच दृष्टी दिली, एकाच्या तर डोळ्यांना मातीचा चिखल लावून. तो तिथे हात आखडता कशाला घेईल? ओळखण्याचे म्हणशील तर मग्दालिया मरीयेची गोष्ट वाच, योहानाचा विसावा अध्याय. कबरेजवळ येशू समोर उभा होता आणि तिला वाटले हा माळी आहे. डोळ्यांनी बघून तिला कळलेच नाही. त्याने "मरीये" अशी हाक मारली, आणि कळले. तुझ्या आजीला तुझा आवाज माहीत आहे ना? जिन्यावर पाय वाजला की कोण आले, हे तिला कळायचे ना? मग ती तुला तुझ्या आईच्या आधी ओळखेल. तुला जायची घाई मात्र नाही, अजून पाचवी व्हायची आहे.

जेवणाचे. उठल्यानंतर येशू शिष्यांकडे आला तेव्हा ते भुताला घाबरावे तसे घाबरले. त्याने विचारले, खायला काही आहे का? त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला आणि त्याने तो त्यांच्यासमोर खाल्ला. नंतर एकदा तर समुद्राच्या काठावर त्यानेच निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवले होते आणि सगळ्यांना म्हणाला, या, न्याहारी करा. त्या दिवशी जाळ्यात 153 मासे आले होते. कोणीतरी बसून ते मोजले, बघ. बहुतेक पेत्रानेच, त्याला राहवत नसे. तू आणि तुझे मित्र मोजायला बसलात तर किती वेळ लागेल, ते संडे स्कूलमध्ये करून बघा, आणि मला कळव.